धोट्याला भोक न पाडता

आमच्या बैठकीच्या भिंतीवर चार फूट बाय अडीच फुटांचा एक फलक आहे. त्यावर हातमागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे, मागाच्या फणीचा एक तुकडा, सुताच्या कांड्या, कंदिलाचं बर्नर, विजेच्या फ्यूजचे चिनीमातीचे कटआऊट, दाराची कडी, शिवणयंत्राची रिळं, किल्ल्यांचा जुडगा, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, एक लाकडी बैल आणि असंच आणखी बरंच काही आहे. यातलं काहीही चिकटवलेलं नाही. एकाही जुन्या वस्तूला नवं भोक पाडलेलं नाही. पक्कड घेऊन कोणी बसलं तर संध्याकाळपर्यंत सगळं सुटं करून होतं तसं डब्यात भरता येईल. मला मुख्यतः याचबद्दल लिहायचं आहे, कारण घरातल्या अडगळीतून भिंतीसाठी काही करायचं म्हटलं की जो तो आधी ग्लू गन हातात देतो.

सामान आलं ते सासरच्या तांडापेठेतल्या घरातून. गोळीबार चौक, नाईक तलाव, तांडापेठ हा सगळा जुन्या नागपुरातला विणकरांचा भाग. आमच्या त्या घरातही माग होता, खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीवर बसायचा, पाय खाली खड्ड्यात, पायपट्ट्यांवर. माझं माहेर यवतमाळचं, घरात माग कधी पाहिलेला नाही, त्यामुळे खड्डा कशाला हा प्रश्न मी लग्नानंतर विचारला होता. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, तुटतं. जमिनीलगत थोडा ओलावा टिकतो, म्हणून ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जितका खाली तितका बरा. उन्हाळ्यात भोवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडत विणायचे, असं आई सांगतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

माग कधीचाच बंद झाला होता. कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा माळ्यावरचं सामान खाली आलं: संत्र्याच्या दोन पेट्या आणि एक मोठा टिनाचा डबा. वजनावर द्यायचं म्हणून ते अंगणात ठेवलं होतं. मी डबा उघडून बघत बसले आणि मग मला ते देववेना. नव्या बैठकीची एक भिंत मोकळी राहणार होती, तिथे हे लावू, असं मी म्हटलं. आईंनी होकार दिला, पण एक अट घातली.

"लाव. पण धोट्याले भोक नको पाडजो वो. उद्या कोणाले लागला तर?"

त्यांच्या वयाच्या बाईने, ज्या घरात आता कोणी विणत नाही त्या घरात बसून, हे अगदी सहज म्हटलं. माझ्या मनात तोवर जे काही होतं, धोट्यांना खिळे मारून सूर्यासारखं गोल लावायचं वगैरे, ते तिथेच संपलं. बाकीचं सगळं काम या अटीतून पुढे गेलं. ती अट मी फक्त धोट्यांपुरती न ठेवता प्रत्येक वस्तूला लावली.

पहिलं काम निवडण्याचं, आणि त्यात वगळावगळीच जास्त. नळीचे कवेलू मला फार आवडतात, पण ते जड, ठिसूळ आणि बांधायला कुठे कंगोरा नाही. बाहेर. कंदिलाची फुटकी काच बाहेर. सूत गुंडाळायच्या रहाटाचे आरे दिसायला सुरेख होते, पण काळ्या कागदावर काही दिवस ठेवले तर खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला. म्हणजे आत कीड जिवंत. मे महिन्याच्या उन्हात काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं तर ती मरते, लाकूड पार आतपर्यंत पंचावन्न अंशांच्या वर काही तास राहायला हवं. नागपुरात ते अवघड नाही. पण एवढं तापवलं की जुनं लाकूड चिरतं. आरे मी वेगळे ठेवले. बाकीच्या लाकडाची मात्र अशीच काळ्या कागदाची परीक्षा घेतली आणि घरातलं जुनं लाकूड भिंतीवर लावणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी, नाहीतर कीड फलकाच्या प्लायमध्ये आणि तिथून दाराच्या चौकटीत जाते.

एका खिडकीच्या कडीवर हिरव्या तेलरंगाचे थरावर थर होते. असे जुने रंग कोरडे घासू नयेत, मुलं असलेल्या घरात तर नाहीच. त्यांत शिसं असण्याची शक्यता मोठी असते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ चे, आणि लागू झाले नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या डब्यात काय होतं याला धरबंद नव्हता. त्या कडीला मी ओल्या फडक्याने पुसलं, सुटे पापुद्रे ओले असतानाच उचलले आणि वर पारदर्शक लॅकरचा हात दिला. हिरवा रंग तसाच राहिला, आणि आज फलकावर तेवढाच एक हिरवा आहे.

याच दिवसांत मी इतरांनी केलेली कामं बघत होते. चंदीगडचं रॉक गार्डन आपल्यातल्या अनेकांनी पाहिलेलं असतं. नेकचंद रस्ते विभागात निरीक्षक होते, १९५७ च्या सुमारास त्यांनी जंगलातल्या सरकारी जागेत कोणाला न सांगता काम सुरू केलं आणि १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. फुटक्या बांगड्या, चिनीमातीची भांडी, विजेचे फिटिंग, सगळं सिमेंटमध्ये बसवलेलं. तिथे वस्तू कायमची गेली, तिची मूर्ती झाली. दुसरं टोक लुईस नेव्हलसन यांचं. त्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून लाकडाचे टाकाऊ तुकडे गोळा करायच्या, खोक्यांत रचायच्या आणि सगळ्यावर एकच रंग द्यायच्या, बहुतेकदा काळा. १९५८ चं त्यांचं 'स्काय कॅथेड्रल' हे भिंतभर काम त्याच रीतीचं. एकच रंग दिल्यामुळे हा खुर्चीचा पाय, ही कठड्याची नक्षी हे विसरायला होतं आणि फक्त आकार, उजेड, सावली एवढं उरतं. हे किती मोठं काम आहे ते त्याचा फोटो बघूनही कळतं. विजोड सामान एकत्र आणायचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, आणि मला कितीतरी जणांनी तेच सुचवलं: सगळ्यावर एक स्प्रे मार, छान दिसेल.

मला ते करता येत नव्हतं. आमच्या मधल्या धोट्यावर, जिथे अंगठा पडायचा तिथे, लाकूड बाकीच्यापेक्षा गडद आणि काचेसारखं गुळगुळीत झालेलं आहे. तो डाग माझ्या आजेसासऱ्यांच्या हाताचा आणि नंतर सासऱ्यांच्या हाताचा आहे. त्यावर रंग मारणं मला मान्य नव्हतं. वस्तू ओळखू यायला हवी होती. मग विजोडपणाचं काय करायचं, हा प्रश्न उरला, आणि त्याचं उत्तर मला मागच्या कापडात सापडलं. सगळ्यांच्या मागे एकच शांत रंग असला तर पुढे कितीही प्रकार चालतात. मी कोरा मांजरपाट घेतला, न धुतलेला, त्यात सरकीचे बारीक काळे ठिपके दिसतात तो. विणकराच्या घरातल्या वस्तूंना सुताचीच पाठ असावी, असंही मनात होतं.

फलकाचा पाया बारा एमएम प्लायचा. दुकानदार एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेला तक्ता, देत होता, स्वस्त आणि सपाट. पण एमडीएफला ओल लागली की कडा फुगतात, आणि त्यात शेकडो भोकं पाडायची होती. प्लायच बरा. कापड ताणण्याबद्दल आईंचं म्हणणं होतं की खळ, म्हणजे पिठाची पेज, लाव. ताण्याच्या सुताला खळ लावूनच त्या घरातले हात घडलेले, तेव्हा त्यांना दुसरं सुचणार नव्हतं. माझी काळजी झुरळं आणि कसर यांची होती, पिष्टमय कापड त्यांना फार प्रिय. बायंडिंगवाले खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, त्याने कीड लागत नाही, पण मोरचुदाला लोखंड चालत नाही. ओल मिळाली की ते लोखंड खातं, आणि माझ्याकडे लोखंड भरपूर होतं. शेवटी खळ टाळली. न धुतलेलं कापड जमेल तितकं ताणून मागच्या बाजूला स्टेपल केलं, मग वरून हलकं पाणी शिंपडून फलक गच्चीवर आडवा ठेवला. कोरं सूत भिजून वाळताना आवळतं. नागपूरच्या उन्हात थोड्याच वेळात कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताठ झालं. आईंनी बोटाने टिचकी मारून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत. म्हणजे पसंत.

साफसफाई मी मुद्दाम अर्धीच केली. पितळ चिंच लावून किंवा पीतांबरीने लखलखीत करता येतं, पण मग सगळ्यात आधी डोळा तिकडेच जातो आणि लाकूड मेल्यासारखं दिसतं. बर्नरची काजळी आणि तेलकटपणा टर्पेन्टाइनने काढला, काळसर पितळी छटा ठेवली. लोखंडाला तारेच्या ब्रशने घासून सुटा गंज उतरवला, मग बारीक पॉलिश पेपर, मग जवसाचं तेल. धोट्यांना आणि बैलालाही तेच तेल, पण थेंबभर, कापडावर घेऊन. आपल्याकडे जवस चटणीत असतं, त्याचंच हे तेल. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. इथे एक धोका आहे, तो मी प्रत्येकाला सांगते. घट्ट होताना ते तेल उष्णता सोडतं. तेल पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. फडकी पाण्यात बुडवून ठेवावी किंवा दोरीवर एकेक मोकळी वाळत घालून मगच टाकावी.

आता मांडणी. तिला सर्वांत जास्त वेळ दिला आणि तिथेच मला सर्वांत जास्त मिळालं. नव्या घराच्या फरशीवर खडूने फलकाएवढी चौकट आखली आणि त्यात सामान मांडत गेले. स्टुलावर उभं राहून मोबाइलने वरून फोटो काढायचा, तो काळा-पांढरा करून बघायचा. रंग गेला की गडद वस्तू एका बाजूला किती साचल्यात ते लगेच दिसतं. लोखंड सगळं उजवीकडे गेलं होतं, फोटोत उजवी बाजू बुडालेली दिसत होती. ती चौकट बरेच दिवस तशीच ठेवली. येता-जाता कोणी काही सरकवायचं. माझ्या मुलाने किल्ल्या बैलापुढे चाऱ्यासारख्या पसरल्या होत्या, त्या मी तशाच राहू दिल्या.

तीन धोटे मी मधोमध पंख्याच्या पात्यांसारखे मांडले होते. दिसत चांगलं होतं. एका दुपारी आई काठी टेकत आल्या, खुर्ची ओढून चौकटीपाशी बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"असे नाही राहत थे."

"मग कसे?"

त्यांनी काठीच्या टोकाने दाखवलं. मोठा धोटा मध्ये, आडवा. लहान दोन, एक डावीकडे, एक उजवीकडे, त्याच ओळीत. "हा अंगाचा. हे दोन किनारीचे. मधात जागा ठेव, हात कुठून जाईन मंग?"

तेव्हा मला तीन धोट्यांचा अर्थ नीट कळला. साडीचं अंग एका रंगाचं आणि काठ दुसऱ्या रंगाचे, आणि काठाचा रंग आरपार शुद्ध हवा असेल, अंगाच्या रंगाची छटा त्यात यायला नको असेल, तर आडवा धागा एकच चालत नाही. अंगाला एक धोटा, दोन काठांना दोन. प्रत्येक फेरीला अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा. विदर्भातल्या टसरच्या करवतकाठी साडीत जो करवतीच्या दात्यांचा काठ असतो, तो याच तीन धोट्यांच्या विणीतला. एका माणसाचे हात त्याला पुरत नाहीत, काठाचा धोटा द्यायला शेजारी दुसरं कोणीतरी बसावं लागतं. आई या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा डाव्या काठाचा धोटा देणं हे त्यांचं काम होतं. हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलं नव्हतं आणि तो धोटा कधी समोर आला नव्हता. त्या दुपारी त्यांनी चौकटीवर वाकून रिकाम्या हातांनी ती फेरी करून दाखवली. उजव्या हाताने घ्यायचा, डाव्याने सोडायचा, मध्ये फणी ओढायची.

मग सगळी मांडणीच बदलली. मधला पट्टा मागाचा झाला: तीन धोटे एका ओळीत, त्यांच्या वर फणीचा तुकडा, खाली कांड्या, ज्या क्रमाने त्या टोपलीत हाताशी ठेवायचे त्या क्रमाने. त्याभोवती घर आलं. वर कंदिलाचं बर्नर आणि कटआऊट, म्हणजे उजेडाच्या वस्तू. डावीकडे कडी, कोयंडा, कुलूप, किल्ल्या, कारण दार घराच्या त्या बाजूला होतं. उजवीकडे शिवणयंत्राची रिळं आणि अडकित्ता, तिकडे आईंची खोली. खाली, जमिनीलगत, बैल. ज्यांनी ते घर पाहिलेलं आहे त्यांना हे लगेच ओळखू येतं. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांनाही फलक विस्कळीत वाटत नाही. वस्तू जिथे वापरात होत्या त्या नात्याने ठेवल्या की त्यांच्यातली अंतरं आपोआप बरोबर येतात, असा माझा तरी अनुभव आहे.

बांधायचं ते असं. प्रत्येक वस्तू ब्राऊन पेपरवर ठेवून पेन्सिलने बाह्यरेषा काढायची. मग वस्तू हातात घेऊन तिची कंबर शोधायची, म्हणजे जिथे ती निमुळती होते, जिथे खाच आहे, जिथे मुळातलंच भोक आहे. तिथे दोन खुणा, रेषेच्या अगदी लगत बाहेर. कागद फलकावर ठेवून त्या खुणांवर दोन एमएमच्या बिटने आरपार भोकं. तार मागून घालायची, वस्तूवरून आणायची, दुसऱ्या भोकातून मागे न्यायची आणि मागे नोजप्लायरने पिळायची. लांब वस्तूला दोन जागी बांधणं आवश्यक, नाहीतर ती फिरते. जड वस्तूला खालून आधार हवा. कुलपाखाली मी संत्र्याच्या पेटीच्या पट्टीचा बोटभर तुकडा मागून स्क्रू मारून बसवला, कुलूप त्यावर बसलेलं आहे आणि तार फक्त ते पुढे येऊ देत नाही. वजन तारेवर टाकायचं नाही.

तार तांब्याची, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून घेतलेली, बावीस गेजची. तिच्यावर मुळातच इनॅमलचा थर असतो, त्यामुळे ती काळी पडत नाही आणि लाकडाच्या गडद रंगावर बारीक सोनेरी रेघ दिसते. मला ती रेघ दिसायला हवीच होती. बांधलंय ते कळू दे.

पण ही तार लोखंडाला वापरायची नाही. तांबं आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असतील आणि हवेत ओल असेल तर लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं. इनॅमल आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण पिळताना ते कुठेतरी खरचटतंच. म्हणून कडी, कोयंडा, कुलूप, किल्ल्या यांना चपला शिवणारे वापरतात तो मेण लावलेला दोरा. दुसरी भानगड कापडाची. लोखंड थेट सुती कापडाला टेकलं की पहिल्याच पावसाळ्यात तांबूस डाग उमटतो आणि तो डाग कापडातून जात नाही. यावर मला जुनी एक्स-रे फिल्म कामी आली. आईंच्या गुडघ्याच्या एक्स-रेची एक मोठी फिल्म घरात होती. वस्तूच्या बाह्यरेषेपेक्षा किंचित आत, असे तिचे तुकडे कापून प्रत्येक लोखंडी वस्तूखाली सरकवले. पुढून दिसत नाहीत, आणि पाऊस सरत आला तरी कापड कोरंच्या कोरं आहे.

सुतारभाऊ फलकाच्या मागच्या पट्ट्या बसवायला आले होते. त्यांनी मागची बाजू उलटून पाहिली, सगळीकडे पीळ आणि गाठी.

"वहिनी, इतकं कशाले बांधून राहिल्या? फेविकॉलनं बसलं असतं."

लाकडावर लाकूड बसलं असतं, खरं आहे. पण फेविकॉलला शोषून घेणारा पृष्ठभाग लागतो, पितळ आणि चिनीमातीवर तो धरत नाही. ग्लू गनचा गोंद तापवून वितळवलेला असतो, तो आपल्या पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात ढिला पडणारच. दोन ट्यूबांचं इपॉक्सी धातूला उत्तम धरतं, इतकं की काढायचं तर वस्तू मोडते किंवा तिची पाठ सोलून निघते. संग्रहालयांत जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणारे लोकसुद्धा पुढे काढता येईल असंच काम करायचा प्रयत्न करतात. मी सुतारभाऊंना आईंची अट सांगितली. त्यांनी धोटा निरखून पाहिला, हाताने तोलला. त्यांच्या आजोबांनी याच भागात मागाचे साचे केले होते, असं म्हणाले. मग पट्ट्यांचे पैसे घेतले नाहीत.

टांगण्याचं थोडक्यात. बारा एमएमचा एवढा प्लायच सात किलोच्या आसपास, वर सामान. एका खिळ्यावर दोरीने टांगायचं हे काम नव्हे. लाकडाची एक पट्टी पंचेचाळीस अंशांत उभी चिरून दोन भाग करतात. एक फलकाला, एक भिंतीला, आणि तिरकी बाजू तिरक्या बाजूत बसते. भिंतीतल्या पट्टीला चार स्क्रू, आठ एमएमच्या गिट्ट्या (भोकात ठोकायचे प्लग). ड्रिल करताना लाल भुकटी आली की वीट लागली समजायचं. करडीच येत राहिली तर तुम्ही सांध्यात आहात, जागा बदला. पाणसळ लावून बघावी, डोळ्यांवर जाऊ नये. उंची मात्र मी नेहमीपेक्षा कमी ठेवली. आई दिवाणावर बसतात, त्यांना मान वर न करता धोटे दिसले पाहिजेत.

आणि भिंत कोणती, हे नागपुरात कूलर बघून ठरवायचं. आपल्याकडे घरातली ओल फक्त पावसाळ्यात असते असं नाही. एप्रिल ते जून कूलरचा ओला झोत ज्या भिंतीवर जातो ती भिंत रात्रभर दमट राहते. तिथे लोखंड आणि सुती कापड लावणं म्हणजे गंजाला बोलावणं. मोकळी राहणार म्हणून जी भिंत मी आधी धरली होती ती नेमकी कूलरसमोरची निघाली. फलक शेजारच्या भिंतीवर गेला आणि तिथलं टीव्हीचं कपाट हललं. यावर घरात थोडी चर्चा झाली. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही अशीच टाळावी.

फलक लागला आणि मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मुलाने सकाळीच जाहीर केलं की बाजारातला बैल नको, भिंतीवरचाच हवा, तो बाबांच्या आजोबांनी आणलेला आहे. मी फलक उतरवला, मागचे दोन पीळ उलगडले, बैल मोकळा झाला. त्याला झूल शिवली आईंनी. गल्लीत सगळ्या मुलांचे मोठमोठे रंगवलेले नंदी आणि त्यात आमचा वीतभर, तेल पिऊन काळसर झालेला. घरोघरी बोजारा, म्हणजे बैलासाठी मिळणारा खाऊ-पैसा, घेऊन संध्याकाळी तो परत आला, चाकांना माती लागलेली. ती मी पुसली आणि त्याला होता तिथे पुन्हा बांधलं. जुनी तार पिळताना एका जागी तुटली. तांबं दोनतीनदा पिळून उलगडलं की कडक होतं आणि मोडतं. त्यामुळे बैलाला आता तार नाही, मेणाचा दोरा आहे, आणि गाठ सरकती घातली आहे, म्हणजे पुढच्या वर्षी फलक न उतरवता मागून हात घालून ओढली की सुटेल. धोट्यांनाही हाच दोरा लावावा असं आईंचं म्हणणं आहे. दिवाळीच्या साफसफाईत फलक खाली येईल तेव्हा ते करणार आहे.